निम्म्या मांजरांच्या पोटात

लोकांच्या दारात उभं राहून मांजराची शी मागायची, हे काम धाकटीच्या वाट्याला आलं तेव्हा घरात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ती डॉक्टर होती. वरून हुकूम आला आणि साहेबांनी तो जसाच्या तसा तिच्या गळ्यात बांधला. शहरातल्या पाळीव मांजरांपैकी किती जणांच्या पोटात जंत आहेत आणि ते कशामुळे होतात, याचा शोध घ्यायचा.

"एवढी शिकलीस, त्याचं चीज झालं बघ," दादा म्हणाला. वहिनी पोट धरून हसत होती. आणि हल्ली ज्यांच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द निघायचे नाहीत ते नाना मांडीवरच्या मांजरीला म्हणाले, "ऐकलंस का गं पिठे? आता तुझी वर्दी सरकारदरबारी लागणार."

नानांनी सगळी उमर बेकरीच्या भट्टीपुढे काढली होती. त्यांच्या भुवया कायमच्या करपलेल्या आणि हात कोपरापर्यंत डागांनी भरलेले. आई गेली आणि त्यानंतर वर्षभरात बेकरीही बंद पडली. शेवटच्या दिवशी नाना घरी आले ते कोटाच्या खिशात एक पिल्लू घेऊन. पिठाच्या पोत्यांमागे कुणा मांजरीनं घातलेलं, पांढरं, पाठीवर राखाडी फराटे असलेलं, जणू कुणी पिठाचा हात झटकला असावा. तेव्हापासून पिठी नानांची सावली झाली. ते माणसांशी बोलत नसत, तिच्याशी बोलत. "काय गं, आज उशीर?" "ते काय उंदराचं शेपूट दाराशी आणून टाकलंस, शोभतं का तुला?" पलीकडच्या खोलीत बसून ते ऐकताना धाकटीला वाटायचं, चला, या निमित्ताने का होईना, वडिलांचा आवाज घरात आहे.

घरात सगळे एकत्रच राहत. दादा मालवाहू गाडी चालवायचा. वहिनी एका शाळेच्या कचेरीत होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि दोनदा वहिनीचे दिवस भरायच्या आत सगळं संपलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. चौथा महिना लागला होता, आणि घरात कुणी त्याबद्दल मोठ्याने बोलत नव्हतं. झोपलेल्या मुलाशेजारून चालावं तसे सगळे त्या गोष्टीच्या बाजूने जपून चालत.

धाकटीचं काम सुरू झालं. घराघरात जाऊन ती झाकणाची डबी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी भरलेली परत न्यायची. तिचे प्रश्न ठरलेले. मांजर बाहेर जातं का? उंदीर, पक्षी मारतं का? कच्चं मांस देता का? घरात आणखी मांजरं आहेत का? जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत. एक शिंपी म्हणाला, "बाई, मी स्वतः शेवटचं औषध कधी घेतलं तेही आठवत नाही." दवाखान्यात आली की ती नमुना मिठाच्या दाट पाण्यात कालवायची. जंतांची अंडी वर तरंगून काचेला चिकटत. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची. काही अंडी जाड सालीची, गोल, काही लिंबासारखी निमुळती. बाहेर उंडारणाऱ्या, शिकार करणाऱ्या मांजरांच्या काचेवर ती हटकून सापडत. घरातच राहणाऱ्या, शिजलेलं खाणाऱ्या मांजरांच्या काचा बहुधा स्वच्छ निघत. यात नवल काहीच नव्हतं, पण आपल्या डोळ्यांनी पाहताना तिला समाधान वाटायचं. रोगाचं कारण सापडलं की अर्धी लढाई जिंकली, असं तिला शिकवलं होतं आणि तिचा त्यावर विश्वास होता.

पिठीचाही नमुना तिने तपासला. अंडी होती, साधे गोल जंत. तिने घरी येऊन औषध दिलं, पिठीने तोंडाला फेस आणून अर्धं नानांच्या सदऱ्यावर थुंकलं, आणि नानांनी तिची समजूत काढली. विषय संपला असं धाकटीला वाटलं.

वहिनीच्या मनात तो तिथून सुरू झाला.

"जंत ठीक आहेत गं," भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "पण ते दुसरं काय असतं? पोटातल्या बाळाला होतं ते? शाळेत एक बाई सांगत होत्या. मांजरापासून होतं म्हणे. बाळ आंधळं होतं, नाहीतर राहतच नाही."

धाकटीने हातातलं काम ठेवलं आणि नीट बसून सांगितलं. असा एक जंतू असतो खरा. पण मांजराच्या शीतून तो बाहेर पडतो तो आयुष्यात एकदाच म्हण, थोडे दिवस. पिठी आता चार वर्षांची आहे, शिकारी आहे, तिचं ते केव्हाच होऊन गेलं असेल. माणसांना तो होतो तो जास्त करून कच्च्या राहिलेल्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून, मातीतून. तू तिच्या वाळूच्या घमेल्याला हात लावू नकोस, नाना रोजच्या रोज साफ करतात, तेवढं पुरे. आणि मुख्य म्हणजे रक्त तपासून घे. आधी कधी होऊन गेलं असेल तर बाळाला काही धोकाच नाही.

"आणि होऊन गेलेलं नसेल तर?"

"तर थोडी जास्त काळजी घ्यायची."

"म्हणजे पाच महिने रोज मरायचं. नको. मला नाही तपासायचं." वहिनीने ताटली दोनदा पुसली. "तू फक्त एवढं सांग. पिठीपासून मला काही होणार नाही, असं छातीवर हात ठेवून सांगशील?"

धाकटी डॉक्टर होती. छातीवर हात ठेवून कोणतीच गोष्ट सांगायची नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. "शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही वहिनी," ती म्हणाली. "पण जवळजवळ नाहीच."

वहिनीने त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

काही आठवड्यांनी काम पुरं झालं. निम्म्याहून थोड्या कमी मांजरांच्या पोटात काही ना काही निघालं होतं. साहेबांनी वस्तीच्या सभागृहात माहिती द्यायला सांगितलं, तेव्हा धाकटी अगदी मन लावून बोलली. वेळेवर औषध द्या, कच्चं मांस देऊ नका, बाहेर सोडू नका, वाळू रोज बदला, हात धुवा, एवढं केलं की झालं, घाबरण्यासारखं काही नाही. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत छापून आलं: दर दुसऱ्या मांजराच्या पोटात किडे, लहान मुलं आणि गरोदर बायका धोक्यात. औषधाबद्दल खाली एक ओळ होती. तिथपर्यंत वाचायला कोण थांबतंय?

पुढे जे झालं ते तिने स्वप्नातही पाहिलं नव्हतं. दवाखान्याच्या फाटकाशी सकाळी गोणपाटाच्या पिशव्या सापडू लागल्या, आत वळवळणाऱ्या. टोपल्या, खोके, एकदा तर तोंड बांधलेला उशीचा अभ्रा. दवाखान्यात पिंजरे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. साहेब म्हणाले, "हा काही अनाथाश्रम नाही. फाटकावर पाटी लावा." पाटी लागली. मग लोकांनी दवाखान्याचा रस्ता सोडला आणि खाटीकबाजाराचा धरला. तिथे मागच्या बाजूला आतडी-कोथळे टाकायची जागा होती. मांजर उपाशी मरणार नाही, एवढीच प्रत्येकाने आपल्या मनाची समजूत घातली.

शिंप्याकडे ती औषध द्यायला गेली तर तो नजर चुकवून म्हणाला, "ते गेलं कुठंतरी." त्याच्या लहान मुलीने आतून ओरडून सांगितलं, "गेलं नाही, बाबांनी सोडलं!"

आणि एका दुपारी नाना केस कापून घरी आले तेव्हा पिठी दाराशी नव्हती. त्यांनी हाक मारली. खाटेखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं, शेजारच्या गच्चीवर पाहिलं. "दार उघडं राहिलं असेल," दादा म्हणाला. "येईल फिरून." धाकटी कामावरून आली आणि तिने दादाच्या मनगटावरचे ताजे ओरखडे पाहिले. जिन्याखालची टोपलीही जागेवर नव्हती.

तिने त्याला गाडीपाशी गाठलं. "कुठे सोडलीस?"

दादाने आढेवेढे घेतले नाहीत. "खाटीकबाजारात. खायला मिळेल तिथे."

"अरे माणसा, ती नानांचा जीव आहे. आणि मी सांगितलं होतं ना की धोका नाही म्हणून?"

"तू सांगितलंस, शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही." त्याचा आवाज चिरका झाला. "ती झोपत नाही. मांजर खोलीत आली की श्वास धरून बसते. मी दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आलोय. तू आलेली नाहीस. तिसऱ्यांदा तसंच झालं असतं तर मी त्या मांजरीकडे बघत आयुष्य काढायचं का?" मग खाली बघून म्हणाला, "नानांना सांगू नकोस. हात जोडतो."

तिने सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "नाना, खाटीकबाजाराच्या मागे खूप मांजरं जमतात. आपण एकदा बघून येऊ या का?" नानांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कोट घातला.

तिथे पाऊल ठेवलं आणि धाकटी जागीच थांबली. भिंतीलगत, पायऱ्यांवर, खोक्यांवर, जिकडे पाहावं तिकडे मांजरं. त्यातली कित्येक घरची. काहींच्या गळ्यात अजून पट्टे होते. एकीच्या गळ्यात घंटी होती. आतड्यांच्या ढिगावर ती एकमेकांना ओरबाडत होती. पिल्लांचे डोळे चिकटलेले, पोटं नगाऱ्यासारखी फुगलेली. अंगावर पिसवा इतक्या की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. कच्चं मांस, उंदीर, गर्दी, घाण. ज्या ज्या गोष्टींपासून मांजराला दूर ठेवा असं ती सभागृहात सांगून आली होती, त्या सगळ्या तिच्या सांगण्यामुळेच या मांजरांच्या नशिबी आल्या होत्या. काही मांजरं माणूस पाहून धावत आली आणि पायाला अंग घासू लागली. त्यांना वाटलं, न्यायला आले.

पिठी दिसली नाही.

त्यानंतर नाना रोज जाऊ लागले. खिशात भाकरीचा तुकडा किंवा चीजचा खडा घेऊन, काठी टेकत. खाटीक आधी हसायचे, मग हसायचं थांबले. एकाने त्यांना बसायला पालथा खोका दिला. नाना घरी येत तेव्हा कोटाला त्या जागेचा वास येई. वहिनी नाकाला रुमाल लावून आत जाई आणि नाना गुपचूप अंगणात कोट वाळत घालत. धाकटीला वाटे, या घरात आपण सगळे एकाच गोष्टीवर झाकण धरून बसलो आहोत.

एका सकाळी रक्ता-चरबीने बुळबुळीत झालेल्या पायरीवरून नानांचा पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. खाटकांनीच त्यांना हातगाडीवर घालून इस्पितळात पोचवलं.

त्याच इस्पितळात वहिनी त्यांना पाहायला आली असताना तिला घेरी आली. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच ठेवून घेतलं आणि न विचारता सगळी रक्तं तपासली. बाळ ठणठणीत होतं. आणि त्या जंतूचा अहवालही आला. वहिनीला तो फार पूर्वी, बहुधा लहानपणीच, होऊन गेला होता. तिच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद केव्हाचीच तयार होती.

"म्हणजे?" वहिनीने धाकटीला विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे पिठीपासून तुला किंवा बाळाला काही होणारच नव्हतं."

वहिनी रडली नाही. खाटेच्या कडेला बसून राहिली, मग उठली आणि पोटावर हात धरून, भिंतीच्या आधाराने, पुरुषांच्या खोलीत नानांपाशी गेली. धाकटी मागोमाग गेली.

"नाना, पिठी पळाली नाही. मी यांना सांगून सोडायला लावली."

नाना छताकडे बघत होते. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी आलो तेव्हा दाराला वरची कडी लावलेली होती. मांजर कडी काढतं का?" ते थांबून थांबून बोलत होते. "तू मला सांगायचं होतंस पोरी. नातवापेक्षा मांजर मोठं आहे होय मला? मीच नेलं असतं तिला. ओळखीच्या घरी ठेवलं असतं. समजावून सांगितलं असतं. तिला वाटलं असेल, मीच टाकलं."

त्यावर वहिनीच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

आता धाकटी कामाच्या आधी रोज सकाळी खाटीकबाजारात जाऊ लागली. नाना घरी आले, पण खाटेवरून उठण्याजोगे राहिले नाहीत. आणि एक दिवस तिला पिठी सापडली. बर्फाच्या रिकाम्या पेटीखाली, भिंतीला टेकून. पाठीवरचे फराटे नसते तर तिने ओळखली नसती. कातडं हाडांना चिकटलेलं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, श्वासाबरोबर छातीत खरखर. तिला उचललं तेव्हा तिने नख्यासुद्धा काढल्या नाहीत.

दवाखान्यात आणून धाकटीने करता येण्यासारखं सगळं केलं. पोटात जंत, फुप्फुसात जंत, अंगभर पिसवा. रक्त पाण्यासारखं पातळ झालेलं. सलाइन लावलं, ऊब दिली. घरी फोन केला तेव्हा वहिनीनेच उचलला.

"घेऊन ये तिला," वहिनी म्हणाली. "लगेच घेऊन ये. मी सांगते नानांना."

"जरा धुगधुगी येऊ दे अंगात. दुपारी आणते."

दुपारी ती एका कुत्र्याच्या पायाला टाके घालून आली आणि पिंजऱ्यापाशी वाकली. पिठी गेली होती. अंग अजून कोमट होतं.

घरी सगळे वाट बघत होते. दादाने नानांची खाट दाराच्या दिशेने फिरवून दिली होती. खाटेशेजारी स्वच्छ फडक्यावर बशीत दूध होतं. नानांनी सदरा बदलला होता, दाढी केली होती. धाकटी रिकाम्या हातांनी आत आली, तेव्हा त्यांनी तिच्या मागे पाहिलं, दाराबाहेर.

"नाना, नाही वाचली."

"बरं," नाना म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत असं नाही. पाणी हवं, उजेड बंद करा, एवढं बोलत. पण घास पुढे केला की मान वळवत. डॉक्टर म्हणाले, या वयात खुबा मोडला की असंच होतं. धाकटीने ते मान्य केल्यासारखं दाखवलं. दादा त्यांचे पाय चेपत बसायचा. एकदा तो म्हणाला, "नाना, चुकलो." नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण तो हात इतका हलका होता की दादाला त्यातून काही मिळालं नाही. झाडावरून पान गळावं तसे नाना एका दुपारी गेले. घरात तेव्हा वहिनी एकटीच होती.

महिन्याभराने साहेबांनी पुन्हा तपासणी करायला लावली, वरच्यांना फरक दाखवायचा होता. धाकटी पुन्हा घरोघर फिरली. मांजरं आता फार थोड्या घरांत उरली होती, आणि उरली होती ती उशीवर झोपणारी, उंबरठा न ओलांडणारी. काचेपाठोपाठ काच स्वच्छ निघाली. साहेब खूश झाले. "पाहिलंत? निम्म्यावरून दहात एकावर आलं! तुमच्या व्याख्यानाचा परिणाम."

"साहेब, आजारी होती ती मांजरं खाटीकबाजारात आहेत. ती धरली तर आकडा आधीपेक्षा वाईट येईल."

"आपला विषय काय आहे?" साहेबांनी शांतपणे विचारलं. "पाळीव मांजरं. ती आता पाळीव आहेत का?"

साहेब चुकत नव्हते. वरून शाबासकीचं पत्र आलं, त्यात तिचंही नाव होतं. तिने गुरांच्या विभागात बदली मागितली, ती मिळाली. खाटीकबाजारात ती काही दिवस खिम्यात औषध कालवून टाकत होती. पण औषधाने आजचे जंत मरतात, उद्याचे नाहीत. आणि उद्या तीच आतडी, तेच उंदीर, नवी आलेली मांजरं. एक दिवस ती गेली नाही, दुसऱ्या दिवशीही गेली नाही.

वहिनीला मुलगी झाली. सुखरूप, गुटगुटीत, डोळे टपोरे. दादा दाराआड जाऊन रडला. वहिनी बाळाकडे बघायची, मग खिडकीकडे, मग परत बाळाकडे. तिचं हसू ओठांपर्यंत येऊन तिथेच अडायचं.

"घे ना हिला," ती धाकटीला म्हणाली. "कुणीतरी जरा आनंदाने घ्या गं हिला. या पोरीचं काय चुकलंय?"

धाकटीने हात धुतले, पुसले आणि बाळाला मांडीवर घेतलं. बाळाने तिचं बोट धरलं. सगळे म्हणत होते, कपाळ नानांचं आहे. असेलही. धाकटी त्या कपाळाकडे बघत राहिली. तिला काहीच वाटत नव्हतं. थोड्या वेळाने वाटेल, अशा आशेने ती तशीच बसून राहिली.